अव्वादचा व्हॉल्व्ह

रद्दाद मास्तर आले तेव्हा मस्तूर गॅरेजच्या दारात उकिडवा बसून तमीसच्या गरम रोटीने पावट्याच्या कालवणाचा वाडगा पुसत होता. जेवताना कुणी गाडीचं नाव काढायचं नाही, हा मस्तूरचा नियम ताइफच्या अख्ख्या कारखाना-वस्तीला पाठ होता. मास्तरांनाही होता. पण शाळामास्तर माणूस, दुसऱ्याचा नियम पाळायची सवय कुठली असायला?

"मस्तूरकाका, एवढं बसवून द्या," म्हणत त्यांनी एक छोटं खोकं थेट वाडग्याशेजारी ठेवलं. "परदेशातून मागवलंय. साडेतीनशे रियाल पडले, बायकोची बोलणी वर फुकट."

"काय आहे?"

"ऑइल थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह. सुधारलेला. आपल्या गाडीतला शंभरी ओलांडल्यावर उघडतो, तोवर चढावर तेलाची पार वाट लागलेली असते. हा पंच्याऐंशी अंशांलाच उघडायला लागतो. तोंडही मोठं आहे, कूलरकडे तेल जास्त जातं. आणि गंमत म्हणजे थंडीत बंद राहतो. तेल आधी नीट तापू देतो."

"मला शिकवताय?"

"तुम्हाला कोण शिकवणार काका? तुम्ही तर सगळ्यांचं पोटच काढता."

मस्तूरने खोकं उघडलं. आत कागदात गुंडाळलेला तो चकचकीत तुकडा होता. रुंद तोंड, आखूड दांडी, मऊ स्प्रिंग. त्याने तो तळहातावर घेऊन फिरवला आणि तोंडातला घास तोंडातच राहिला. ही वस्तू त्याने पाहिली होती. अकरा वर्षांपूर्वी, शेजारच्याच गाळ्यात, लेथ मशीनवरून उतरताना, अजून गरम.

"उद्या या," तो मास्तरांना म्हणाला.

"आज नाही होणार?"

"उद्या म्हटलं ना."

मास्तर गेले. मस्तूर तिथेच बसून राहिला. कालवणावर माशी बसली, तीही त्याने हाकलली नाही.

आता हे पोट काढणं म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळं पाप त्यातच आहे. मक्केच्या बाजूने ताइफला यायचं तर हदाचा घाट चढावा लागतो. खाली भट्टी, वर गारवा, आणि मध्ये वळणांवर वळणं. भरलेली टॅक्सी त्या चढावर घातली की इंजिनातलं तेल कढईतल्या तेलासारखं तापतं. त्या तेलाला थंड करायला पुढे एक कूलर असतो, आणि कूलरच्या वाटेवर दारवान म्हणून हा थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेणाची एक कुपी असते. तेल तापलं की मेण फुगतं, दांडी ढकलतं, वाट उघडते. तेल थंड असलं की वाट बंद, तेल आतल्या आत फिरून तापतं. इतकी साधी गोष्ट. पण घाटावरच्या टॅक्सीवाल्यांचा ह्या दारवानावर कधीच विश्वास बसला नाही. तो उशिरा उघडतो, अर्धवट उघडतो, कधी अडकूनच बसतो. मग उपाय काय? कुपी काढून फेकायची, तिच्या जागी तांब्याच्या नळीचा तुकडा ठोकायचा, दार कायमचं उघडं. ह्यालाच पोट काढणं म्हणत, आणि ह्या कामात मस्तूरचा हात धरणारा कुणी नव्हता. 'नसलेला दारवान झोपत नाही,' असं तो म्हणायचा, आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची.

मान डोलावली नाही ती एकट्या अव्वादने.

अव्वाद त्याचा दूधभाऊ. मस्तूरच्या आईला बाळंतपणातच ताप भरला आणि तिचं दूध आटलं, तेव्हा अव्वादच्या आईने, नुवैयरने, आपल्या तान्ह्याला एका बाजूला आणि शेजारणीच्या तान्ह्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. तेव्हापासून दोघे भाऊ. मस्तूर ताडमाड वाढला, अव्वाद बुटका राहिला. "माझ्या वाट्याचंही ह्यानेच ढोसलं," असं अव्वाद चारचौघांत सांगायचा, "आता बघा, ह्याला दारातून वाकून जावं लागतं आणि मला स्टूल लागतं." मस्तूर म्हणायचा, "अक्कल तुझ्या बाजूला होती ना, मग रडतोस कशाला?"

हे तो थट्टेत म्हणायचा, पण ते खरं होतं आणि मस्तूरला ते ठाऊक होतं. अव्वादच्या हातात देव होता. लेथवर तो केसाच्या जाडीचं माप नुसत्या बोटाने ओळखायचा. एका उन्हाळ्यात त्याने दुसऱ्याच कुठल्या कॉम्प्रेसरमधली मेणाची कुपी काढली, ती पंच्याऐंशीला फुलायची, आणि तिच्याभोवती आपल्या हाताने थर्मोस्टॅटचं नवं घर कातलं. तोंड सव्वापट मोठं केलं. घाटावर लवकर आणि भरपूर उघडेल, ताइफच्या हिवाळ्यात मुकाट बंद बसेल.

"पोट काढायचा धंदा आता आवर, मस्तूर," तो म्हणाला होता. "खाली उन्हाळ्यात ठीक आहे. पण वर हिवाळ्यात तेल तापतच नाही. न तापलेल्या तेलात पाणी साठतं. इंजिन आतून सडतं आणि तुम्ही म्हणता गाडी म्हातारी झाली."

"तीस वर्षं मी इंजिनं सडवतोय म्हणतोस?"

"मी म्हणत नाही. इंजिनंच म्हणतायत."

हे तो हसत म्हणाला, पण टॅक्सीवाल्यांच्या देखत म्हणाला. मस्तूरही हसला. हसताना काय वाटलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

टॅक्सीवाले म्हणजे व्यवहारी जात. त्यांनी अव्वादला शर्त घातली. थंडी पडायला लागली की व्हॉल्व्ह तुझ्या स्वतःच्या गाडीत घाल. अख्खा हिवाळा गावात फिरव. मग गुलाबाच्या हंगामात, खाली ऊन तापायला लागलं की, गाडीत माणसं भरून हदाचा घाट न थांबता चढून दाखव. चढलास तर चाळीस गाड्यांना आम्ही तुझाच व्हॉल्व्ह घालू. अव्वादने हात पुढे केला. नोकरी नाही, जमीन नाही, एक लेथ आणि एक गाडी एवढाच त्याचा पसारा, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नावाची काही वस्तू बाजारात येणार होती.

थंडीच्या सुरुवातीला तो ऑइल बदलायला मस्तूरच्या खड्ड्यावर गाडी घेऊन आला, कारण त्याच्या गाळ्यात खड्डा नव्हता. असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, बांग झाली. "चल," अव्वाद म्हणाला. "तू हो पुढे, मी हात धुऊन येतोच," मस्तूर म्हणाला. तो गेला नाही. मशिदीतून तकबीर ऐकू येत होती आणि मस्तूर गाडीखाली अव्वादच्या व्हॉल्व्हचं पोट काढत होता. कुपी खिशात, नळीचा तुकडा आत, झाकण बंद. दहा मिनिटांचं काम, हाताला सवयीचं.

का केलं? हा प्रश्न त्याने स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की उत्तरं झिजून गुळगुळीत झालीत. भावाची काळजी वाटली म्हणून. हे खोटं नव्हतं. ती उपरी कुपी ऐन घाटात अडकली तर इंजिन जाईल, भाऊ तोंडघशी पडेल. त्यापेक्षा आपली खात्रीची नळी आत असू दे, गाडी चढेल, नाव त्याचं होईल, कुणाला कळणारही नाही. असं तो स्वतःला सांगत होता. पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. गाडी आपल्या नळीवर चढेल आणि आपल्याला एकट्याला माहीत असेल की तीस वर्षं मस्तूरच बरोबर होता. ह्या विचाराची गोडी त्याला लागली होती. भावाचं भलं करायचं आणि भावाला खोटंही पाडायचं, एका दगडात दोन पक्षी. मेलं, दोन्ही पक्षी गेले आणि दगड कपाळात बसला.

त्या हिवाळ्यात ताइफला धुकं महिना महिना हटलं नाही. अव्वाद घरून गाळ्यात, गाळ्यातून घरी, एवढाच फिरायचा. एके दिवशी येऊन म्हणाला, "मस्तूर, तेलाचा काटा साठच्या वर जात नाही रे."

"थंडी बघ केवढी आहे."

"थंडीत बंद राहावं म्हणूनच तर केलाय तो."

"काटा खराब असेल."

अव्वादने काटा बदलला. पंधरा दिवसांनी पुन्हा आला, हातात ऑइलचं झाकण घेऊन. झाकणाला आतून पांढरट, दह्याच्या साईसारखा थर आला होता. "हे बघ. पाणी धरतंय. व्हॉल्व्ह उघडा राहिलाय की काय?"

मस्तूरने झाकण हातात घेतलं. सांगायचं असतं तर ती वेळ होती. तेल बदललं असतं, नळी काढली असती, अव्वादने चार शिव्या हासडल्या असत्या आणि आठवडाभर बोलला नसता. बस. एवढंच झालं असतं.

"गाडी ठेवून जा," तो म्हणाला. "मी बघतो."

त्याने बघितलं नाही. म्हणजे खड्ड्यात उतरला, दिवा लावला, त्या झाकणाकडे पाहिलं आणि वर आला. नळी काढावी असं मनात आलं होतं. पण नळी काढली की काटा चढणार, आणि काटा एकदम कसा चढला असं अव्वाद विचारणार. पहिलं खोटं झाकायला दुसरं लागतं, आणि दुसऱ्याला तिसऱ्याची गरज असते. संध्याकाळी तो अव्वादला म्हणाला, "बघितला. तुझा व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. झाकणाला थंडीत साय धरतेच."

"तू बघितलास ना? मग झालं," अव्वाद म्हणाला आणि निर्धास्त घरी गेला.

गुलाबाचा हंगाम आला. हदाच्या माथ्यावर पंधरा-वीस टॅक्सीवाले चहाचे पेले घेऊन उभे होते. अव्वाद खालून पाच माणसं भरून निघाला होता आणि काटा कुठे आहे ते पुढच्या सीटवरचा माणूस फोनवरून ओरडून सांगत होता. नव्वद. नव्वद. पंच्याण्णव. माथ्यावर टाळ्या पडत होत्या. मस्तूरने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. शेवटून तिसऱ्या वळणावर फोनमधून आधी खडखड ऐकू आली, मग लोखंडावर घण घातल्यासारखा आवाज, मग काहीच नाही. हिवाळाभर साचलेला चिकट गाळ तेलाच्या जाळीत अडकला होता, बेअरिंग कोरडी पडली होती, इंजिन जागच्या जागी आवळलं होतं. घाटातली माकडं गाडीच्या टपावर येऊन बसली. "माकडांनी पण पास केलं नाही रे," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. पुढे कित्येक वर्षं कुणाचं काही फसलं की ताइफमध्ये म्हणायचे, 'अव्वादचा व्हॉल्व्ह झाला.'

गाडी ओढून मस्तूरच्याच खड्ड्यावर आणली. अव्वादला इंजिन उघडताना बघवेना, तो शेजारी आपल्या बंद लेथपुढे जाऊन बसला. मस्तूरने एकट्याने उघडलं. आत सगळं कॉफीत दूध घातल्यासारखं झालं होतं. त्याने आधी काय केलं असेल? नळीचा तुकडा काढून खिशात घातला आणि डब्यात जपलेली कुपी तिच्या जागी बसवली. मग अव्वादला हाक मारली.

नळी बसवली ते एक वेळ माफ होईल, असं मस्तूरला वाटतं. ही कुपी परत बसवली ते होणार नाही.

कारण अव्वादने ती कुपी घरी नेली. त्याची बायको हुसना मिठाई करायची, तिचा तापमापक त्याने घेतला, चहाच्या किटलीत पाणी ठेवलं आणि कुपी दोऱ्याने आत सोडली. पंच्याऐंशीला दांडी सरकली. पाणी निवू दिलं, पुन्हा तापवलं. पुन्हा पंच्याऐंशी. मस्तूर बाजूला बसला होता. सात वेळा, आठ वेळा. "दर वेळी उघडते रे," अव्वाद म्हणत होता. "दर वेळी उघडते, दर वेळी मिटते. मग चुकलं कुठे? मग माझा विचारच चुकला असणार. बाकी चुकायला उरलंय काय?" किटलीतलं पाणी आटलं, तळ करपला, हुसनाने येऊन गॅस बंद केला. मस्तूर म्हणाला, "असतं एकेक नशीब." ह्याहून हलकट वाक्य तो आयुष्यात दुसरं बोललेला नाही.

अव्वादने गाळा सोडला. लेथ घरच्या अंगणात नेऊन ताडपत्रीखाली ठेवलं आणि मुलींच्या शाळेत पहारेकरी म्हणून लागला. कुणी लेथचं काम घेऊन आलं तर म्हणायचा, "माझ्या मापाचा भरवसा नाही बाबा, दुसरीकडे जा." ज्याच्या बोटाला केसाची जाडी कळायची, तो माणूस असं म्हणायचा. मस्तूर दर सणाला त्याच्या घरी जायचा, खजूर खायचा, कॉफी प्यायचा आणि लेथकडे पाठ करून बसायचा. एकदा बोलायला काही सुचेना म्हणून म्हणाला होता, "ते लेथ मला देऊन टाक, गंजतंय नुसतं." अव्वाद नको म्हणाला. मग दर सणाला तेच विचारायची एक सवय होऊन बसली.

आणि आज ते साडेतीनशे रियालचं खोकं. कुठल्या तरी परक्या देशात कुणीतरी तोच विचार केला होता, तेच आकडे धरले होते, आणि ते चाललं होतं. मस्तूरने गॅरेजचं दार ओढून घेतलं, खोकं खिशात टाकलं आणि निघाला.

असरची नमाज नुकतीच झाली होती. अव्वाद बैठकीत भिंतीला टेकून बसला होता. गेल्या दोन वर्षांत त्याचे हात थरथरायला लागले होते, म्हणून कॉफीचं भांडं हुसनाने आधीच पुढ्यात भरून ठेवलं होतं. "ये रे ताडमाडा," तो म्हणाला, "आज सण नाही, वार नाही, वाट चुकलास का?" थरथरत्या हाताने त्याने पहिला पेला ओतला. दोन थेंब गालिच्यावर सांडले. मस्तूरने पेला घेतला.

आणि प्यायला नाही. समोर जमिनीवर ठेवला.

आपल्यात ह्याचा अर्थ पोरासोरांनाही कळतो. पाहुण्याने पहिला पेला न पिता खाली ठेवला, म्हणजे तो मागणं घेऊन आलाय आणि ते मिळाल्याशिवाय त्या घरची कॉफी त्याच्या घशाखाली उतरणार नाही. खुनाच्या भरपाया ह्या पेल्यावर माफ झाल्यात. दिलदार यजमान मागणं काय ते विचारतही नाही. आधी 'पी' म्हणतो, मग ऐकतो. आणि एकदा 'पी' म्हटलं की तो शब्द परत घेता येत नाही.

अव्वादने पेल्याकडे पाहिलं, मस्तूरकडे पाहिलं आणि तो खदखदून हसला. "अरे, लेथसाठी एवढं? अकरा वर्षं भुणभुण लावून भागलं नाही, म्हणून आता पेला ठेवतोस? माझ्यापुढे?" हसता हसता त्याने हात उडवला. "बरं बाबा. जे मागायला आलास ते दिलं. पी तुझी कॉफी."

"अव्वाद, थांब. आधी ऐक."

"दिलं म्हटलं ना. पी."

"लेथ नकोय मला," मस्तूर म्हणाला, आणि खिशातून खोकं काढून पेल्याशेजारी ठेवलं. मग त्याने सांगितलं. खाली मान घालून, एकही गोष्ट न वगळता. ती नमाज, ती नळी. साठचा काटा, साय, खड्ड्यातला दिवा. आणि परत बसवलेली कुपी. किटलीजवळ आपण काय म्हणालो तेही सांगितलं. कॉफी निवत होती. आतल्या खोलीत हुसनाची भांडी वाजत होती, ती मध्येच थांबली.

अव्वादने खोक्यातला व्हॉल्व्ह उचलला. हात इतका हलत होता की त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि अंगठा तोंडावरून फिरवला.

"पंच्याऐंशी?"

"पंच्याऐंशी."

"म्हणजे आकडा बरोबर होता."

"होता."

"तोंड? सव्वापट?"

"तेही बरोबर होतं. सगळं बरोबर होतं, अव्वाद. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

अव्वादने मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाचं माप ऐकून घेतल्यासारखी. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "मी रात्र रात्र आकडे मांडायचो," तो म्हणाला. "वाटायचं, कुठेतरी साधी बेरीज चुकली असेल. मूर्खाला एक बेरीज सापडत नाही."

"मला माफ कर."

"ते झालंय की. मी 'पी' म्हटलंय." त्याने व्हॉल्व्ह खोक्यात ठेवला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. "न ऐकता म्हटलं, ती माझी चूक. ऐकून म्हटलं असतं की नाही, ते मला माहीत नाही, आणि आता ते कुणालाच कळणार नाही. शब्द गेला. पी."

मस्तूरने पेला उचलला. कॉफी गार झाली होती, वेलदोड्याचा कडवट चोथा तळाशी बसला होता. त्याने ती संपवली. माफी मिळाली होती. कायद्याने, रिवाजाने, साक्षीला हुसना भिंतीपलीकडे. पण ती अव्वादच्या मनाने दिली की त्याच्या जिभेने, हे विचारायची सोय राहिली नव्हती.

"आणि लेथ घेऊन जा," अव्वाद म्हणाला. "उद्याच."

"नको रे—"

"घेऊन जा. अकरा वर्षं मी त्याच्याकडे बघू शकलो, कारण मला वाटायचं, माझ्याच हाताची चूक, बरं झालं थांबलो. आता काय बघू?" त्याने आपले दोन्ही हात पुढे धरले. ते हलत होते. "आता सांगितलंस. ह्या हातांना सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी मस्तूर पिकअप आणि चार माणसं घेऊन आला. अव्वाद बाहेर आला नाही. हुसनाने दाराआडून लेथची चावी एका फडक्यात गुंडाळून दिली. "भावजी," ती म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.

गॅरेजमध्ये लेथ उतरवल्यावर मस्तूरने त्याचा खालचा खण ओढला. आत तेलकट कापडाची एक पुरचुंडी होती. उघडली तर थर्मोस्टॅटची तयार घरं, एकूण नऊ, प्रत्येकाच्या पाठीवर सुईने कोरलेलं नाव. शर्त लावणाऱ्या टॅक्सीवाल्यांची आठ नावं होती. नववं सगळ्यांत जास्त घासून गुळगुळीत केलेलं, बहुधा सगळ्यांत आधी केलेलं. त्यावर कोरलं होतं, 'मस्तूर'. त्याच्या पिकअपच्या मापाचं, आत कुपीसुद्धा बसवलेली. मस्तूर लेथच्या कडेला डोकं टेकून रडला. दारात रद्दाद मास्तर आपला व्हॉल्व्ह बसवून घ्यायला आले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते काही न बोलता परत गेले.

आठवड्याने मस्तूरने आपल्या पिकअपमधली जुनी नळी काढून अव्वादचा व्हॉल्व्ह बसवला. मागे पोत्यांत वाळू भरली, खाली उतरला आणि ऐन दुपारी हदाचा घाट चढायला घेतला. काटा नव्वदवर आला, पंच्याण्णववर आला आणि तिथे जो उभा राहिला तो हलायला तयार नाही. वळणामागून वळण. शेवटून तिसऱ्या वळणावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि फोन लावला.

फोन हुसनाने उचलला.

"अव्वाद आहे?"

"झोपलेत," ती म्हणाली.

"त्याला सांग, मी हदावर आहे. त्याचा व्हॉल्व्ह घालून आलोय. काटा पंच्याण्णववर आहे. हलला नाही."

"सांगते, भावजी."

तिच्या अगदी जवळून, फोनच्या शेजारूनच, अव्वादच्या खोकल्याचा आवाज आला. मस्तूर फोन कानाला लावून थांबला. पलीकडूनही कुणी लगेच फोन ठेवला नाही. मग हुसना म्हणाली की भात गॅसवर आहे, आणि तिने ठेवला.